नांदरुकाला सात फेऱ्या

सगळ्यात आधी एक सांगून टाकते. तो वड नव्हता, नांदरुक होता. हे मी फोनवर दोनदा सांगितलं होतं. तरीही कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या बायका वटपौर्णिमेच्या सकाळी हवल्लीतल्या माझ्या घरी आल्या आणि तीन वर्षं वाढवलेल्या माझ्या हिरव्या कुंपणाला भगदाड पाडून गेल्या. नवऱ्यांच्या आयुष्यासाठी. हसू येत असेल तर खुशाल हसा. मलाही म्हातारपणी येईल कदाचित, आज तरी येत नाही.

मी इथल्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. नवरा एसीच्या मोठमोठ्या प्लांटवर सुपरवायझर होता. होता म्हणते, कारण चार वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करता करता त्याच्या हातातून रेझर पडला, तो वाकून उचलायला गेला आणि उठलाच नाही. उजवी बाजू गेली. हळूहळू हात थोडा आला, पाय थोडा आला, बोलणंही परत आलं, पण सावकाश. ओठाचा उजवा कोपरा मात्र खाली ओढलेला राहिला तो राहिलाच.

आता हा माणूस कसा होता ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मंडळाचा गणपती याच्या आवाजाशिवाय बसत नसे. कार्यक्रमाचं निवेदन हा करणार, आरतीला पहिला सूर हा लावणार, जेवणाच्या पंगतीत आग्रह करत हाच फिरणार. एखाद्या लग्नाच्या वाढदिवसाला गेलो तर घरचे लोक बाजूला आणि हा मध्ये. आम्ही दोघं एकमेकांना अरे-तुरे करतो, त्यावरून नाक मुरडणाऱ्या काकवासुद्धा याच्या विनोदाला खदाखदा हसायच्या.

तो आजारी पडल्यावर सगळे भेटायला आले. येणारच. चुकीचं काही नाही. पण येऊन काय केलं? सफरचंदांच्या पिशव्या आणल्या आणि पलंगाभोवती उभं राहून 'अरेरे' केलं. कुणी कबुतराच्या रक्ताचा उपाय सांगितला, कुणी केरळमधलं तेल. माझ्याच घरात, माझ्यासमोर, मी पंचवीस वर्षं नर्सिंग करत असताना! तो ऐकत नाही असं समजून त्याच्या डोक्यावरून गप्पा मारल्या. एकीनं तर पलंगावरचा त्याचा फोटो काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला, खाली हात जोडलेले. वाकडं तोंड, गळ्याशी टॉवेल. तो फोटो त्यानं स्वतःच्या फोनवर पाहिला.

त्यानंतर तो कुणाच्याही समोर आला नाही. बेल वाजली की आतल्या खोलीत जाऊन बसायचा. चालण्याचे व्यायाम घरातल्या घरात करायचा, पण आमच्या घराची लांबी ती किती? वळला की सोफा, परत वळला की फ्रीज. दोन महिन्यांत त्यानं तेही सोडलं. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, हा पाय मोकळ्यावर चालला नाही तर आखडेल, आणि एकदा आखडला की खुर्ची आलीच. ते मला तिनं सांगायची गरज नव्हती. अशा आखडलेल्या पायांच्या माणसांना मी रोज कूस बदलायला मदत करते. मला खुर्ची नको होती. मला माझा नवरा चालता हवा होता.

आमचं घर म्हणजे जुन्या दुमजली घराचा तळमजला. हवल्लीत अशी घरं आता थोडीच उरलीत, आजूबाजूला सगळे टॉवर. समोर लांबट पट्टा आहे मातीचा, पलीकडे कमरेइतकं लोखंडी रेलिंग आणि रेलिंगला लागून रस्ता. पट्टा चालायला अगदी बेस्ट. पण रस्त्यावर बकाला आहे, म्हणजे आपलं किराणा दुकान, आणि दूध-अंडी घ्यायला अख्खं हवल्ली तिथे येतं. त्यात आपली माणसं कमी नाहीत. तो म्हणाला, "आडोसा कर. मग चालतो."

आडोसा कर! म्हणायला काय जातं. मालकीणबाईंनी पत्रे लावायला साफ नाही म्हटलं, घर विद्रूप दिसतं म्हणे. हिरवी नेट लावली, ती पहिल्याच धुळीच्या वादळात फाटून शेजाऱ्यांच्या एसीवर जाऊन बसली. मग कुणीतरी म्हणालं, झाडांचं कुंपण लावा. म्हणून नर्सरीत गेले. बारा महिने हिरवं राहील, खाऱ्या मातीत जगेल, दाट होईल असं काय आहे, विचारलं. नर्सरीवाल्यानं एका रांगेकडे बोट केलं आणि म्हणाला, "इंडियन लॉरेल, मॅडम." मी पान चुरगाळलं. पांढरा चीक आला बोटाला. जाड, चकचकीत, लहानसं पान. अरे, हा तर नांदरुक! आमच्या गावाच्या वेशीवर, एसटीच्या थांब्याशी याचंच झाड होतं, एवढं मोठं की पाऊस लागायचा नाही खाली. लॉरेल म्हणे! मला त्या परक्या गावात एकदम ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं आणि मी भाव न करता रांगच्या रांग उचलली.

ऑक्टोबरात लावलं, ऊन उतरल्यावर, रेलिंगपासून दोन हात आत. माती म्हणजे वाळू आणि मीठ. ती उपसून फेकली, पोत्यांनी नवी माती आणि शेणखत घातलं. ड्युटीवरून यायचं, कपडे बदलायचे आणि खड्डे खणायचे. तो दारात खुर्चीवर बसून सूचना द्यायचा. "तिरकं... लावलंस." अर्धा तास लागायचा त्याला वाक्याला, आणि ते वाक्यही असं! पण बसायचा दारात. घराच्या बाहेर त्याचं नाक तरी यायचं.

पहिला उन्हाळा काय होता, मला विचारू नका. पन्नाशीला टेकणारं ऊन. पाइपमधलं पहिलं पाणी चहा करता येईल एवढं कढत यायचं, ते आधी बादलीत सोडून गार करायचं, मग झाडांना. पानं कडेनं करपली, मग गुंडाळली जायला लागली. उलगडून पाहिलं तर आत काळे बारीक किडे. तीही पानं एकेक करून तोडली. नवरा विचारायचा, "झालं का... दाट?" दाट व्हायला ती काय शेवयांची खीर आहे?

त्यात मी एक घोळ करून ठेवला होता. शेंडे खुडले नव्हते. आपल्याकडे झाड लावायचं ते वर जाण्यासाठी, वाढत्या झाडाचा शेंडा कापायला हात धजत नाही. त्यामुळे रोपं सरसर उंच गेली, वर छान हिरवीगार आणि खाली नुसते दांडके. पहिल्यांदा तो चालायला उतरला तेव्हा मी रस्त्यावर जाऊन पाहिलं. चेहरा झाकला गेला होता. पण खालून पाय दिसत होते. एक नीट पडणारा आणि एक फरफटणारा. जे झाकायचं तेच उघडं! मला एवढा संताप आला स्वतःचा, की आत जाऊन मोठी कात्री आणली आणि सगळ्या रांगेचे शेंडे छाटून टाकले. तो दारातून बघत होता, घाबरला असावा. पण ते बरोबर ठरलं. महिन्याभरात बुडापासून फुटवे आले. पुढे मी छाटतच राहिले, आणि तिसऱ्या वर्षी कुंपण असं झालं की मांजर आत शिरेना.

आणि तो चालायला लागला. पहाटे उजाडताना एकदा, सूर्य बुडाल्यावर एकदा. या टोकाकडून त्या टोकाकडे, डावा हात पानांवरून फिरवत. पलीकडे माणसं बोलत जायची, मराठीसुद्धा ऐकू यायचं कधी. तो थांबायचा, ऐकायचा, पुन्हा चालायचा. एकदा कुंपणापलीकडे कुणीतरी चुकीची आरती गुणगुणत गेलं तर आतून हा हळूच म्हणाला, "बेसूर." मी स्वयंपाकघरात होते. कढईतला कांदा-लसूण करपेपर्यंत हसत होते.

संक्रांतीला मंडळाच्या अध्यक्षीणबाई तिळगूळ द्यायला आल्या. डॉक्टरीणबाई आहेत, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, स्वतः डॉक्टर नाहीत, पण सल्ला दोघांचाही देतात. नवरा अर्थातच आत. जाताना बाईंनी कुंपणाचं पान तोडलं, चीक पाहिला आणि ओरडल्या, "अगं, हा तर वड!" मी म्हटलं, नांदरुक आहे. "एकच कुळ गं!" म्हणाल्या. मी दुर्लक्ष केलं. करायला नको होतं.

इथे वटपौर्णिमा म्हणजे कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये कुंडीत खोचलेली फांदी, नाहीतर रांगोळीनं काढलेला वड. मी जात नाही, त्यावरूनही बोलणी खाते. यंदा जूनमध्ये बाईंचा फोन आला. "या वर्षी खऱ्या झाडाची पूजा करायचं ठरवलंय आम्ही. तुझ्याकडे येतो. लवकर येऊ, ऊन व्हायच्या आत."

"तो वड नाही," मी म्हटलं.

"भावना महत्त्वाची. संध्याकाळी झाडाला हात लावत नाहीत, नाहीतर संध्याकाळीच आलो असतो."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण परदेशात राहणाऱ्याला माणसं लागतात. हा पडला त्या दिवशी अँब्युलन्स येण्याआधी याच मंडळातल्या एकानं गाडी काढली होती. म्हणून म्हटलं, "मी सकाळी ड्युटीवर असेन. फाटकाशी कोपऱ्यात एक झाड आहे, त्याला सूत गुंडाळा आणि निघा. फांदी तोडायची नाही. तो वड नाही."

"अगं, तोडतंय कोण!"

त्या दिवशी मी सहाला निघाले. नवऱ्याला आतल्या खोलीत चहा-बिस्किटं ठेवली, पडदा ओढला. "अर्ध्या तासात जातील," म्हटलं.

दुपारी परतले आणि फाटकाशीच थांबले. कुंपणाच्या बरोब्बर मधोमध एक झाड एकटं उभं होतं, बुडापासून छातीपर्यंत सुतात गुंडाळलेलं, हळद-कुंकवानं माखलेलं. त्याच्या डाव्या बाजूची दोन आणि उजव्या बाजूची दोन झाडं गुडघ्याएवढी कापलेली. करवतीनं, व्यवस्थित. कापल्या जागी चीक सुकून काळा पडला होता. खाली आंबे, केळी, विड्याची पानं उन्हात शिजत होती, त्यांच्यावर माश्या. आणि त्या भगदाडातून आमचं दार, दाराच्या आतला सोफा आणि सोफ्यावरची त्याची काठी, सगळं रस्त्यावरून दिसत होतं.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, तसं झालं. आधी घराच्या हारिसला, म्हणजे राखणदाराला, हाक मारली. मिसरी, म्हणजे इजिप्तचा माणूस आहे, भला आहे. म्हणाला, लेडीज आल्या होत्या, तुमची परवानगी आहे म्हणाल्या, करवत मागितली म्हणून दिली, कापूनही दिलं. त्याला खूप अभिमान वाटत होता मदत केल्याचा. मग आत गेले. चहा तसाच होता. तो पडद्याच्या बाजूला, भिंतीला टेकून बसलेला. सगळं ऐकलं होतं त्यानं. करवत ऐकली होती. "ओरडायचं होतंस एकदा!" मी म्हटलं. तो म्हणाला, "बायका... ओळखीच्या होत्या."

युनिफॉर्म न बदलता बागेत उभी राहून फोन लावला.

बाई मुळीच चपापल्या नाहीत. "अगं, कोपऱ्यातल्या झाडाच्या मागे भिंत, फेऱ्या कशा घालणार? आणि रांगेत एकेक झाड इतकं चिकटून! मधलं मोकळं करून घेतलं. प्रदक्षिणा अर्धवट टाकली तर दोष लागतो, तुला माहिती नाही का?"

"मला कुंपण माहिती आहे. कुंपणाला कुणी प्रदक्षिणा घालत नाही."

"फुटेल गं परत, वडाच्या जातीचं आहे. आणि फांद्या वाया नाही घालवल्या. फहाहीलच्या बायकांना दिल्या, जलीबच्या बायकांना दिल्या, ज्यांना यायला जमलं नाही त्यांची सोय झाली. सगळ्या तुला दुवा देताहेत."

मला वाटलं फोन भिंतीवर आपटावा.

"आणि ऐक," आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "भाऊजींच्या नावानं आम्ही सगळ्यांनी एकेक फेरी जास्त घातली. तू येत नाहीस, म्हणून तुझ्या वतीनं."

"माझ्या नवऱ्याच्या आयुष्याचं मी बघते," मी म्हटलं, "माझं कामच आहे ते. त्याला फेऱ्या नको होत्या. त्याच्या स्वतःच्या फेऱ्या चालल्या होत्या रोज, त्या झाडांच्या आड, त्या तुम्ही बंद केल्यात. तुमच्यापासून लपायला लावली होती मी ती झाडं. तुमच्यापासून! समजलं?"

मग त्या म्हणाल्या, "तू दमली आहेस. जेव काहीतरी." आणि फोन ठेवला. संध्याकाळी ग्रुपवर फोटो आले, नऊवारीत रांगेनं, मागे माझा नांदरुक. 'अखेर खरा वड!' मी ग्रुप सोडला. दोघी-तिघींनी विचारलं, चुकून बाहेर पडलीस का?

आठवडाभर तो पायरी उतरला नाही. मी भगदाडात चादर बांधली. ती एवढी फडफडायची की एरवी न बघणारे लोकही वळून बघायचे. त्यानं दारातूनच मान हलवली, नको. नवी रोपं लावायची तर ऑक्टोबर उजाडायला हवा, जूनमध्ये लावलेलं जगत नाही. कापलेल्या झाडांची आतली साल, जी कधी उन्हात आली नव्हती, ती भाजून तडकायला लागली. मी त्यांना ओलं पोतं गुंडाळलं. ते सूत सोडवायला गेले तर संपेना. कितींच्या फेऱ्या, कितींचे जन्म! शेवटी कात्रीनंच कापलं.

त्याचा पाय सकाळी जड पडायला लागला, हे मला पलंगावरची चादर झटकायला त्याला उठवलं तेव्हा कळलं. मग माझं डोकंच फिरलं. संध्याकाळी मी त्याची काठी घेऊन आले. "ऊठ," म्हटलं, "त्या भोकात मी उभी राहते. रस्त्याकडे पाठ करून. माझ्या पाठीकडे बघू दे कुणाला बघायचं ते. तू चाल."

त्यानं काठी घेतली. मग उठला.

तेव्हापासून रोज सूर्य बुडाला की मी तिथे जाऊन उभी राहायची. दिवसभर वॉर्डात उभं राहून आलेले पाय, तेच इथे उभे. ओढणी दोन्ही हातांनी पसरून धरायची, जरा रुंदी वाढावी म्हणून. येणारे-जाणारे काय म्हणत असतील ते म्हणोत. हारिस विचारायचा, "खैर, सिस्टर?" म्हणजे सगळं ठीक ना. मी म्हणायची, खैर. आणि मनातल्या मनात एकेका बाईला नावानिशी शिव्या घालायची. त्यात वेळ बरा जायचा.

एकदा असाच तो फेऱ्या घालत होता. माझ्यासमोर आला की मी अंग आणखी ताठ करायची. तो आला आणि थांबला.

"सरक," म्हणाला.

"का? पलीकडे माणसं आहेत."

"वारा... अडतो."

आता कुवेतचा जूनमधला वारा! तोंडावर गरम इस्त्री फिरवल्यासारखा. त्याला वारा कोण म्हणेल? मी म्हटलं, माझ्या मागे अख्खं हवल्ली उभं आहे, बकाल्यावर गर्दी आहे. तर त्यानं काठीनं मला हळूच बाजूला केलं. सरळ ढकललं म्हणा ना. पुढे झाला, डावा हात रेलिंगवर टेकला आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. वाकड्या ओठासकट.

बकाल्याचा लाल दिवा लागला होता. समोर हारिस कुणाची तरी गाडी धूत होता. त्यानं वर पाहिलं, फडकं खांद्यावर टाकलं आणि रस्ताभर ऐकू जाईल असा ओरडला, "अहलन, अहलन!" म्हणजे या, या. मला वाटलं आता हा वळेल आणि आत जाईल. मी काठी धरायला हात पुढे केला.

नवऱ्यानं रेलिंगवरचा हात उचलला. "अह... लन," म्हणाला. घराबाहेरच्या माणसाशी चार वर्षांत पहिल्यांदा. हारिसनं छातीवर हात ठेवला आणि परत गाडी धुवायला लागला, काही विशेष झालंच नसल्यासारखा. 'अरेरे' नाही की काही नाही.

मी तिथेच मातीत बसले. तीन वर्षं. खड्डे, शेणखत, गार केलेलं पाणी, एकेक गुंडाळलेलं पान. आणि याला बाहेर बघायला लागलं काय, तर करवत! राग कुणाचा करावा तेच कळेना, म्हणून सगळ्यांचाच केला, त्याचाही. तो आणखी थोडा वेळ उभा राहिला. मग वळून म्हणाला, "मधलं झाड... राहू दे. बाकीचं... नको लावू एवढ्यात."

ऑक्टोबर येईल तेव्हा बघू. सध्या तो रोज तिथे थांबतो आणि मला तिथे उभं राहावं लागत नाही. बाईंचा परवा पुन्हा फोन आला होता, भाऊजी कसे आहेत म्हणून. मी म्हटलं, आहेत तसेच. दुसरं काहीही मी त्यांना सांगणार नाही, मरेपर्यंत सांगणार नाही. सांगितलं तर म्हणतील, बघ, वड पावला. आणि तो वड नव्हता.